तीन-त्र्याहत्तर की चार-दहा?

१९९१ साली जीएमसी या अमेरिकी कंपनीनं सायक्लोन नावाची एक बुटकी काळी पिकअप बाजारात आणली. मागे सामानाचा हौदा होता, पण त्यात पाचशे पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे २२७ किलोंच्या वर वजन टाकू नका, असं खुद्द कंपनीचंच सांगणं होतं. टाटांनी २००५ मध्ये आणलेला छोटा हत्ती सोळा अश्वशक्तीच्या जोरावर पाऊण टन माल उचलत असे. सायक्लोनला अश्वशक्ती होती २८०, आणि भार झेपायचा साडेचार सिमेंटच्या गोण्यांचा. पाचवी गोणी अख्खी टाकली की वॉरंटीवाल्याच्या कपाळाला आठी.

मग ही गाडी होती कशासाठी? ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकानं त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकात त्याचं उत्तर दिलं. त्यांनी सायक्लोन आणि फेरारी ३४८ शेजारी-शेजारी उभ्या केल्या. पाव मैलाचं अंतर सायक्लोननं १४.१ सेकंदांत कापलं, फेरारीनं १४.५ सेकंदांत. फेरारीची किंमत लाख डॉलरच्या पुष्कळ वर, सायक्लोनची सव्वीस हजारांच्या आसपास. फेरारीत इटालियन कारागिरीचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता. सायक्लोनमध्ये चार गिअरचा ऑटोमॅटिक होता, आणि तोही असा की मुलांना शाळेत सोडणाऱ्या स्टेशन वॅगनमध्ये आणि भाजी आणणाऱ्या पिकअपमध्ये तोच बसवलेला असे. फेरारी पुढे तिच्या सर्वोच्च वेगाला सायक्लोनला सहज मागे टाकू शकली असती, पण ट्रॅफिक सिग्नलवर सर्वोच्च वेग कोण विचारतो?

अमेरिकेत अशा गाड्यांना ‘परफॉर्मन्स ट्रक’ म्हणतात. ट्रकाकडून काम न घेता कामगिरी घ्यायची, असा हा पंथ. त्याचे अनुयायी डेट्रॉइटपासून टेक्ससपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांची ओळखपाळख होण्याची एक रीत आहे. पेट्रोल पंपावर दोन अनोळखी पिकअपवाले भेटले की नावगाव नंतर. आधी इंजिन, मग गिअरबॉक्स, आणि मग आवाज किंचित खाली आणून विचारायचा तो प्रश्न: मागे काय आहे? याचं उत्तर ‘सामान’ हे नव्हे. याचं उत्तर ‘तीन-त्र्याहत्तर’ किंवा ‘चार-दहा’ असं असतं. ‘चार-दहा’ ऐकलं की समोरचा मान डोलावतो. ‘तीन-आठ’ ऐकलं की विषय हवामानाकडे वळवतो.

हा आकडा म्हणजे मागच्या एक्सलातल्या क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांचं नातं. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११, म्हणजे भागाकार ३.७३. पिनियनला १० दाते असतील तर ४.१०. बारा असतील तर ३.४२, नऊ असतील तर ४.५६. चाकाची एक फेरी व्हायला प्रोपेलर शाफ्टला किती फेऱ्या माराव्या लागतात, ते हा आकडा सांगतो. मोठा आकडा म्हणजे चाकाला जोर जास्त, पण इंजिनाची धावपळही जास्त.

सरळ चार का नाही, असं कुणालाही वाटेल. चाळीस दाते आणि दहा दाते, हिशेबाला सोपं. पण मग पिनियनचा एक ठरावीक दाता क्राउनच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भेटत राहील. त्यातला एखादा खडबडीत निघाला तर त्याच्या वाट्याला आलेल्या दात्याची झीज ठरलेली. ४१ ही मूळ संख्या असल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. लोकशाहीचं इतकं चोख पालन इतर कुठल्या यंत्रणेत होत असेल, याची शंका आहे.

एक्सलाचा आकडा मात्र एकट्यानं काही सांगत नाही. त्याच्या पुढे गिअरबॉक्स बसलेला असतो, आणि त्याचे स्वतःचे आकडे असतात. दोन्ही स्थळं आपापल्या जागी उत्तम असली तरी पत्रिका जुळायला हवी, आणि ती जुळवायची साध्या गुणाकारानं. पहिल्या गिअरचा आकडा गुणिले एक्सलाचा आकडा म्हणजे सुटण्याचा जोर; शेवटच्या गिअरचा आकडा गुणिले तोच एक्सल म्हणजे महामार्गावर कानाला होणारा त्रास. पहिला गुणाकार मोठा हवा, दुसरा लहान. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पाऊण शतकाहून मोठा इतिहास या दोन गुणाकारांमधलं अंतर वाढवण्यातच गेला आहे.

सुरुवात केली ओल्ड्समोबिलनं, १९४० च्या मॉडेलवर. ‘हायड्रामॅटिक’ हा मोठ्या संख्येनं तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याला चार गिअर होते आणि तो वरचे ५७ डॉलर दिले की मिळायचा. महायुद्धात तो रणगाड्यांतही बसला, त्यामुळे युद्धानंतर जाहिरात करणाऱ्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रामॅटिकचा कारखाना जळून खाक झाला आणि कॅडिलॅकसारख्या मानी गाडीवर काही महिने ब्यूइकचा गिअरबॉक्स उसना घेण्याची पाळी आली. पुढच्याच वर्षी हायड्रामॅटिक शेवरोलेच्या हलक्या ट्रकांत आला. ट्रक चालवायला डावा पाय लागतोच, ही समजूत तिथे पहिल्यांदा ढिली झाली.

याच सुमारास शेवरोलेचा स्वतःचा ‘पॉवरग्लाइड’ही होता, १९५० पासून. त्याला गिअर दोन. पहिला आणि शेवटचा. मधे काही नाही. पहिल्याचा आकडा १.७६ किंवा १.८२, दुसऱ्याचा १.००. बाकीचं काम टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या तेलानं भरलेल्या डब्यावर सोपवलेलं. हा डबा गाडी सुटताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो आणि त्या बदल्यात थोडी ऊर्जा तेल तापवण्यात उडवतो.

आता गंमत अशी की आज शोरूममध्ये विक्रेता दहा गिअरचं कौतुक सांगत असताना, ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर हजार-हजार अश्वशक्तीच्या गाड्या अजूनही त्याच दोन गिअरच्या पॉवरग्लाइडच्या वंशजांवर धावत असतात. गिअर कमी म्हणजे बदलण्यात वेळ कमी, फिरणारं वजन कमी, मोडण्याच्या जागाही कमी. इंजिनाकडे जोर इतका असतो की पहिल्या गिअरनं गुणाकार करून तो वाढवण्याऐवजी, चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून थोडा दाबूनच ठेवावा लागतो. तिथे ‘ट्रान्सब्रेक’ नावाची आणखी एक युक्ती वापरतात: पहिला आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकाच वेळी लावून ठेवायचे. गाडी थरथरत जागीच उभी राहते. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी सुटते. पुढे आणि मागे जाण्याच्या आज्ञा एकदम मिळाल्या की जागेवरून हलता येत नाही, हे सरकारी कार्यालयांना ठाऊक होतंच. त्याचा वेगासाठी उपयोग करून घेतला तो या मंडळींनी.

सत्तरच्या दशकात वेगाला बरे दिवस नव्हते. तेलटंचाईनंतर १९७४ पासून अमेरिकाभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. धुरावर निर्बंध आले, इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मुसक्या बसल्या. अशा काळात डॉजच्या लोकांनी कायद्याची पुस्तकं इंजिनाच्या पुस्तकांइतकीच मन लावून वाचली. भारासह ६,००० पौंडांपेक्षा जास्त वजनाच्या ट्रकांना तेव्हा कन्व्हर्टरची सक्ती नव्हती. १९७८ मध्ये ‘लिल रेड एक्स्प्रेस’ आली: लालभडक रंग, हौद्याला लाकडी फळ्या, सोनेरी अक्षरं, आणि केबिनच्या मागे आगगाडीच्या धुरांड्यांसारखे उभे दोन क्रोमचे सायलेन्सर. इंजिन ३६० घन इंचांचं, २२५ अश्वशक्तीचं. ‘कार अँड ड्रायव्हर’नं तिचा उत्पादनाआधीचा नमुना पळवून पाहिला तेव्हा शून्यापासून ताशी शंभर मैल गाठण्यात त्या वर्षीच्या अमेरिकी गाड्यांत ती पहिली आली. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या मालकांनी त्या महिन्याचा अंक घरात कुठे ठेवला असेल?

लिल रेडचा गिअरबॉक्स होता क्रायस्लरचा तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट. पहिल्याचा आकडा २.४५, एक्सल ३.५५. गुणाकार ८.७०. शेवटचा गिअर १.००, म्हणजे दुसरा गुणाकार ३.५५ चा ३.५५ च. तीन गिअरच्या काळातल्या सगळ्याच पिकअपवाल्यांची ही पंचाईत होती. जोर हवा तर एक्सल ४.१० चा घ्या आणि महामार्गावर रेडिओ बंद ठेवा, कारण ऐकू काही येणार नाही. शांतता हवी तर ३.०८ चा घ्या आणि सिग्नलवर शेजारच्या सेडानवाल्याकडे बघू नका. त्या काळी एक्सलाचा आकडा हा स्वभावाचा दाखला होता.

ही कोंडी ओव्हरड्राइव्हनं फोडली. शेवटच्या गिअरचा आकडा एकापेक्षा कमी केला की इंजिनाच्या एका फेरीत शाफ्टची एकापेक्षा जास्त फेरी होते. शेवरोले आणि जीएमसी ज्यांच्या घरातल्या, त्या जनरल मोटर्सनं १९८२ च्या मॉडेलपासून ७००आर४ नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक आणला. त्याचे आकडे: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. सायक्लोनमध्ये हाच होता, ३.४२ च्या एक्सलासोबत. गुणाकार करून पाहा. सुटताना १०.४७, महामार्गावर २.३९. लिल रेडपेक्षा सुरुवातीचा जोर जास्त आणि शेवटचा गोंगाट एक-तृतीयांशानं कमी. पोटात टर्बो असलेल्या ४.३ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाची आणि चारही चाकांना मिळणाऱ्या जोराची वाहवा सगळ्यांनी केली. या दोन आकड्यांना टाळी कुणी दिली नाही.

७००आर४ मध्ये खोट नव्हती असं नाही. त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा एकदम १.६३. इंजिन ५,००० फेऱ्यांवर असताना दुसरा पडला की ते २,६६० च्या आसपास कोसळतं. जिना उतरताना मधल्या दोन पायऱ्या कुणीतरी काढून नेल्यासारखं. टर्बो ४०० या जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये हीच उडी २.४८ वरून १.४८ वर असल्यानं इंजिन ३,००० च्या जवळपास सावरायचं. शिवाय ७००आर४ च्या आत किती दाब ठेवायचा हे एक्सिलरेटरला जोडलेली एक बारीकशी केबल सांगत असे. ती केबल थोडी ढिली बसवली की आतल्या क्लच प्लेटा काही दिवसांत जळत. कार्बोरेटर बदलण्याची हौस असलेल्या कितीतरी अमेरिकी गृहस्थांनी ती केबल ‘नंतर बघू’ म्हणून लटकती ठेवली आणि नंतर गिअरबॉक्सच बघितला. टेबलावर, तुकड्यांत.

एक्सल आणि गिअरबॉक्सचा हिशेब एकाच गाडीवर बघायचा असेल तर शेवरोलेची ४५४ एसएस घ्यावी. ही १९९० ते १९९३ अशी चारच वर्षं निघाली. लहान केबिनच्या साध्या पिकअपमध्ये ७.४ लिटरचं, म्हणजे ४५४ घन इंचांचं, अवजड कामाच्या ट्रकातलं इंजिन कोंबलेलं. पहिल्या वर्षी अश्वशक्ती २३०, गिअरबॉक्स तीन गिअरचा टर्बो ४००, एक्सल ३.७३. लगेच पुढच्या वर्षी कंपनीनं इंजिन २५५ अश्वशक्तीवर नेलं, गिअरबॉक्स चार गिअरचा ४एल८०ई केला आणि एक्सल ४.१० चा.

आता ४एल८०ई चा पहिला गिअर टर्बो ४०० इतकाच आहे, २.४८, तो टर्बो ४०० चाच धाकटा भाऊ. फरक फक्त इतका की चौथा गिअर ०.७५ चा जास्तीचा मिळाला आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झालं. १९९० च्या गाडीचा सुटण्याचा गुणाकार ९.२५, १९९१ च्या गाडीचा १०.१७. महामार्गावर पहिलीचा ३.७३, दुसरीचा ३.०८. गाडीची चाकं २८ इंचांची. ताशी ६५ मैलांवर, म्हणजे १०५ किलोमीटरांवर, पहिलीचं इंजिन मिनिटाला २,९०० फेऱ्या मारत असतं आणि दुसरीचं २,४००. म्हणजे ‘चार-दहा’वाली गाडी ‘तीन-त्र्याहत्तर’वालीपेक्षा सुटायलाही तिखट आणि धावायलाही शांत. पेट्रोल पंपावरच्या मान डोलावण्याच्या शास्त्राला हे उदाहरण पार उलटं पाडतं. नुसता एक्सलाचा आकडा सांगणाऱ्यानं अर्धंच वाक्य उच्चारलेलं असतं.

४एल८०ई ला फुकट काही मिळालं नाही हेही सांगायला हवं. हा गिअरबॉक्स शंभर किलोंहून जड आहे. त्याला फिरवण्यात इंजिनाचा थोडा जोर जातोच. हलक्या गाडीत तो बसवणं म्हणजे अकारण भार वाहणं. पण जिथे इंजिन दांडगं आहे तिथे तो मुकाट्यानं वर्षानुवर्षं काम करतो. पंथातले जाणते लोक आजही जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन टाकताना हाच शोधतात. नावही न सांगता कळणारं: चार गिअर, ‘एल’ म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेला, ऐंशी हा ताकदीचा दर्जा, ‘ई’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक. जनरल मोटर्सच्या कारभारात इतकी सुबोध गोष्ट क्वचितच सापडते.

फोर्डनं आपलं उत्तर ‘लायटनिंग’ या नावानं दिलं. १९९९ ला आलेल्या दुसऱ्या पिढीत सुपरचार्जर लावलेलं ५.४ लिटरचं इंजिन, ३६० अश्वशक्ती आणि ३.५५ चा एक्सल. २००१ साली अश्वशक्ती ३८० झाली, एक्सल ३.७३. वीस अश्वशक्ती वाढल्याची बातमी सगळीकडे झाली. एक्सल बदलल्यानं प्रत्येक गिअरमधला जोर पाच टक्के वाढला, ते तपशिलाच्या कोष्टकात राहिलं. वीस अश्वशक्ती म्हणजे साडेपाच टक्के. कारखान्याला क्राउनचे दोन दाते वाढवायला किती खर्च आला असेल याचा विचार केला, तर जास्त हुशारी कुठे आहे ते उघड आहे. (३९ आणि ११ दाते म्हणजे ३.५५, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३.)

मग डॉजनं ताळतंत्र सोडलं. रॅम एसआरटी-१० मध्ये वायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं, दहा सिलिंडरचं, ५०० अश्वशक्तीचं इंजिन घातलं. फेब्रुवारी २००४ मध्ये मिशिगनमधल्या चेल्सी इथल्या चाचणी पट्टीवर ब्रेंडन गॉन या रेसिंग ड्रायव्हरनं ती ताशी १५४.५८७ मैलांनी पळवली, म्हणजे जवळजवळ २४९ किलोमीटर. गिनेस बुकात नोंद झाली. त्या वेगाला हौद्यात काहीही ठेवलेलं असतं तरी ते ओहायोत सापडलं असतं.

ही विक्रमी गाडी सहा गिअरच्या मॅन्युअलवर होती, आणि तिच्या सहाव्या गिअरचा आकडा ०.५०. पण मालकांच्या घरी बायकामुलं होती, त्यांना चार दारं हवी होती आणि डाव्या पायाला सुट्टी हवी होती. म्हणून पुढच्या वर्षी मोठ्या केबिनची आवृत्ती आली, तीत डिझेल ट्रकांचा दणकट चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवला. त्याचा पहिला गिअर २.४५ इतका मवाळ की भरपाई म्हणून एक्सल थेट ४.५६ चा द्यावा लागला. दोन गिअर कमी झाले, त्याची किंमत पिनियननं एक दाता देऊन चुकवली.

या सगळ्या हिशेबावर पाणी ओतायची एक हुकमी पद्धत अमेरिकी पिकअपवाल्यांनी शोधून काढली आहे. ती म्हणजे मोठे टायर. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचे टायर लावले की गाडी उंच दिसते, फोटो चांगला येतो. पण चाक मोठं झालं की एका फेरीत अंतर जास्त, म्हणजे जोर कमी. ४.१० चा एक्सल आता ३.४८ सारखा वागू लागतो. गाडी मठ्ठ झाली म्हणून मालक आधी नवा एअर फिल्टर घेतो, मग नवा सायलेन्सर घेतो, मग इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून घेतो आणि दोन हजार डॉलर खर्चून झाल्यावर क्राउन-पिनियन बदलतो. दरम्यान स्पीडोमीटर जुन्याच चाकांच्या हिशेबानं ६० दाखवत असतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७० च्या वर धावत असते. हा फरक समजावून देण्याचं काम बहुधा हायवे पोलीस करतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गिअरांची संख्या बेफाम वाढली. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक (या झेडएफचा एक कारखाना आपल्या चाकणलाही आहे) क्रायस्लरनं उचलला. फोर्ड आणि जनरल मोटर्स तर शंभर वर्षांचे वैरी. त्यांनी २०१३ मध्ये करार करून कामं वाटून घेतली: नऊ गिअरच्या गिअरबॉक्सची आघाडी जनरल मोटर्सकडे, दहा गिअरची फोर्डकडे. दहा गिअरच्या पहिल्या मानकऱ्यांत २०१७ ची फोर्ड रॅप्टर पिकअप होती. त्याचा पहिला गिअर ४.७०, दहावा ०.६४, आणि मधल्या पायऱ्या इतक्या जवळजवळ की तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना इंजिन ५,००० वरून ४,१०० वरच उतरतं. ७००आर४ च्या त्या काढून नेलेल्या पायऱ्या इथे व्याजासकट परत आल्या.

त्याची दुसरी बाजूही आहे. महामार्गावर किंचित चढ आला की हा गिअरबॉक्स विचारात पडतो. दहावा ठेवावा की नववा? आठवा बरा का? निवड फार झाली की माणसाची जी गत हॉटेलच्या मेन्यूसमोर होते तीच त्याची होते. त्यात तो गिअर ओलांडूनही जाऊ शकतो, म्हणजे तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर. हलक्या पायानं चालवलं तर दहातले निम्मे गिअर मालकाला भेटतसुद्धा नाहीत.

आठ आणि दहा यांची खरी झुंज लागली ती दोन प्राण्यांच्या नावानं. क्रायस्लरच्या घरातल्या रॅमनं २०२१ साठी टीआरएक्स काढली: सुपरचार्जर, ७०२ अश्वशक्ती, झेडएफच्या जातीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स, एक्सल ३.५५. नाव टी-रेक्स या डायनासोरवरून, कारण फोर्डची गाडी रॅप्टर. फोर्डनं २०२३ च्या मॉडेलसाठी रॅप्टर आर आणली: सुपरचार्जर, ७०० अश्वशक्ती, दहा गिअर, एक्सल ४.१०. दोन अश्वशक्तीनं मागे राहणं फोर्डच्या मनाला इतकं लागलं की २०२४ मध्ये ती ७२० केली. इतक्या अश्वशक्तीतली दोन कमी आहेत हे चालवणाऱ्याच्या पाठीला कळणं शक्य नाही. ते जाहिरात विभागाला कळतं.

गुणाकार पाहिला तर टीआरएक्सचा पहिला गिअर ४.७१, म्हणून सुटण्याचा आकडा १६.७. रॅप्टर आरचा १९.३. वाचून फोर्डवाले खूश होतील, पण रॅप्टर आरची चाकं ३७ इंचांची आणि टीआरएक्सची ३५ ची. चाकांचा हिशेब धरून दोघींना ४५४ एसएसच्या २८ इंचांवर आणलं, तर टीआरएक्स १३.४ आणि रॅप्टर आर १४.६. फोर्डच्या १५ टक्क्यांच्या आघाडीतले सहा टक्के मोठ्या टायरांनी खाल्ले. दोन्ही गाड्या पावणेतीन-तीन टनांच्या घरात आणि दोन्ही चार सेकंदांच्या आत ताशी ६० मैलांवर. तेव्हा आठ चांगले की दहा, या वादात निकाल द्यायचाच झाला तर तो असा: पाव मैलापुरता फरक नाही, ओझं ओढताना, घाट चढताना दहा गिअरवाला इंजिनाला जास्त नेमक्या जागी धरतो, आणि दुरुस्तीला आला की दहावाला मालकाला जास्त नेमक्या जागी धरतो.

दरम्यान फोर्डनं लायटनिंग हे नाव २०२२ मध्ये विजेच्या पिकअपला देऊन टाकलं. तिच्या मोटारींपुढे एकच ठरावीक रिडक्शन, गिअर बदलायचा प्रश्नच नाही. पंपावर तिचा मालक भेटतच नाही, त्यामुळे त्याला मागे काय आहे ते विचारायची सोयही उरलेली नाही.

ज्यांचे भाऊबंद, मुलं, भाचे तिकडे आहेत आणि जुनी शेवरोले किंवा जीएमसी पिकअप घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी एक उपयोगी गोष्ट. विकणारा काय सांगतो त्यावर जाऊ नका. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या या गाड्यांच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर आतून एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, तीवर तीन-तीन अक्षरांचे संकेत छापलेले असतात. त्यात ‘जीयू६’ दिसला तर एक्सल ३.४२, ‘जीटी४’ म्हणजे ३.७३ आणि ‘जीटी५’ म्हणजे ४.१०. ‘जी८०’ असेल तर मागची दोन्ही चाकं गरजेला एकत्र जखडणारा डिफरन्शियल आहे. तो आडदांड वापरात अचानक फुटतो म्हणून जुने मेकॅनिक त्याला बॉम्ब म्हणतात, तेव्हा रेसिंगचा बेत असेल तर वेगळा घ्यावा. पट्टी फाटली असेल तर पुढची चाकं अडवून, मागची दोन्ही उचलून भक्कम टेकूवर ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. दोन्ही चाकं एकाच दिशेला एक फेरी फिरवून शाफ्ट किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून मोजा. पावणेचारच्या किंचित अलीकडे थांबला तर तीन-त्र्याहत्तर, चारच्या थोडा पुढे गेला तर चार-दहा. किंमत त्यानंतर बोला, आणि टायर किती इंचांचे आहेत ते आधी पाहा.